सोलर पॅनेल बसवायचं की छप्परच सोलरचं करायचं? आधी छपराचं वय विचारा

सोलर बसवायचं ठरलं की चर्चा लगेच किलोवॉट, कंपनी आणि किंमत यांवर जाते. ज्याच्यावर हे सगळं पंचवीस वर्षं उभं राहायचं आहे, त्या छपराकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाही. नेहमीची पॅनेलं घ्यावीत की सोलर कौलांचं छप्परच घालावं, हा तर मुळातच छपराचा प्रश्न आहे. म्हणून इथे सुरुवात छपरापासून करू. विजेचा हिशेब मागाहून येईल.

दोन्हींतला फरक आधी स्पष्ट करू. नेहमीचं पॅनेल छपरावर पाहुण्यासारखं असतं. खाली तुमचं कौल, पत्रा किंवा स्लॅब असतो, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांवर पॅनेल. मध्ये काही इंच मोकळी जागा राहते. पाऊस अडवायचं काम खालचं छप्परच करत असतं. सोलर छपरात पाहुणा आणि यजमान एकच होतात. काचेची कौलं, शिंगल (एकावर एक चढवून बसवायचे चपटे तुकडे) किंवा पत्र्याच्या लांब पट्ट्या, ज्यांच्यात सोलर सेल बसवलेले असतात, त्याच तुमचं छप्पर बनतात. वीजही त्यांनीच करायची आणि पाणीही त्यांनीच अडवायचं. फायदे आणि तोटे, दोन्ही या एका गोष्टीतून निघतात.

पायरी १ : टॉर्च घेऊन माळ्यावर चढा

हे काम भर दुपारी करा. माळ्यावर जा, दार ओढून घ्या आणि टॉर्च लावण्याआधी दोन मिनिटं अंधारात उभे राहा. डोळे सरावले की छपरात कुठे उजेडाचे ठिपके दिसतात का ते पाहा. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येऊ शकतं. मग टॉर्च लावून वाशांवर आणि रिपांवर आडवा उजेड टाका. लाकडावर गडद कडा असलेले चहाच्या डागासारखे डाग दिसले, तर तिथे पाणी मुरून वाळलंय, तेही अनेकदा. डागावर अंगठ्याने दाब देऊन बघा. लाकूड दबलं किंवा भुसा पडला, तर सोलरची गोष्ट बाजूला ठेवून आधी सुताराला बोलवा. खिळ्यांची डोकी गंजली आहेत का, आढ्याजवळ वासे वाकले आहेत का, हेही याच फेरीत बघून घ्या.

बाहेरून वळचण, पन्हळी, आणि दोन उतार मिळतात तिथली नाळ पाहा. पन्हळीत डांबरी शिंगलवरची बारीक खडी साठत असेल, तर शिंगल झिजत आलेत असं समजा. जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत का हे पक्कं करून घ्या. अशा पत्र्याला भोक पाडायचं नाही, त्यावर पाय ठेवायचा नाही. भोक पाडताना सुटणारे तंतू फुप्फुसात जातात, आणि जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो. ते प्रशिक्षित माणसांकडून उतरवून घेणं हाच मार्ग आहे.

आता खरा प्रश्न. हे छप्पर अजून किती वर्षं टिकेल? पॅनेल पंचवीस ते तीस वर्षं चालतं. छप्पर दहा वर्षांत बदलावं लागणार असेल, तर तेव्हा सगळी पॅनेलं उतरवायची, छप्पर घालायचं आणि पुन्हा बसवायची. त्या उतरवण्या-चढवण्याचा खर्च पहिल्या दिवशीच्या हिशेबात कोणीच धरत नाही. माझा ठोकताळा असा : छपराची पंधरा वर्षं शिल्लक असतील तर पॅनेलं, आणि सोलर छपराचा विचारही नको. चांगलं छप्पर उखडून काचेची कौलं घालणं म्हणजे धडधाकट वस्तू फेकून दुसरी विकत घेणं. दहापेक्षा कमी वर्षं उरली असतील, किंवा घर नवीनच बांधायचं असेल, तरच पुढचा सगळा विचार करण्यात अर्थ आहे. मधल्या पाच वर्षांच्या पट्ट्यात असाल, तर जाणकार गवंड्याचं किंवा छपराच्या ठेकेदाराचं मत घ्या. सोलर विकणाऱ्याचं नको.

पायरी २ : आकार, उतार आणि सावली

सपाट स्लॅब असेल तर ही पायरी एका वाक्यात संपते. कौलं आणि शिंगल यांना पाणी वाहून जायला ठरावीक उतार लागतो, म्हणून सपाट गच्चीवर सांगाडा उभारून नेहमीची पॅनेलंच बसवा. तिथे पॅनेलचा एक जास्तीचा फायदा मिळतो. तोंड आणि कोन तुम्हाला हवा तसा ठेवता येतो. सांगाडा माणूस उभा राहील इतका उंच केला, तर खाली सावलीतली गच्चीही मिळते.

उतरत्या छपराचं मोजमाप करा. २० टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलचा एक किलोवॉट म्हणजे ५ चौरस मीटर पृष्ठभाग. हे निव्वळ काचेचं माप झालं. कडेला सोडायची जागा आणि चालायची वाट धरली तर ६ ते ७ चौरस मीटर धरा. पॅनेल हा सव्वा मीटरच्या आत रुंद आणि पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असा ताठ आयत आहे. एकसलग मोठ्या उतारावर तो छान बसतो. धुराडं, उजेडाच्या खिडक्या, नाळी आणि तिरक्या कडा असल्या की बरीच जागा वाया जाते.

अशा तुकड्या-तुकड्यांच्या छपरावर लहान सोलर कौलं जास्त जागा व्यापतील असं वाटतं. काही अंशी ते खरंही आहे. पण सोलर छपरातलं प्रत्येक कौल वीज करत नाही. कडेला, नाळीत आणि धुराड्याभोवती कौल कापावं लागतं, आणि सेल असलेलं कौल कापता येत नाही. तिथे दिसायला तशीच, पण आत काही नसलेली कौलं लागतात. कोटेशनमध्ये वीज करणारी किती आणि नुसती शोभेची किती, हे वेगवेगळं लिहून मागा. हा आकडा न देणाऱ्याशी पुढे बोलू नका.

दिशेबाबत उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा उतार सर्वात फायद्याचा. पूर्व-पश्चिम उतारांवर एकूण उत्पादन कमी होतं, पण ते सकाळ-संध्याकाळी पसरतं, आणि घरातला वापरही बऱ्याचदा त्याच वेळी असतो. सावली मात्र दोन्ही प्रकारांना सारखीच छळते. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवरची सावली सबंध ओळीचा प्रवाह अडवते. सर्वसाधारण पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते प्रवाहाला सावलीतल्या ओळीला वळसा घालून पुढे जाऊ देतात. म्हणजे एका ओळीवर सावली आली तर साधारण तिसरा हिस्सा बाद होतो आणि बाकीचं चालू राहतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन या वेळी छपराचे फोटो काढा. शक्यतो वर्षातला सर्वात लहान दिवस जवळ असताना काढा, कारण तेव्हा सावल्या सर्वात लांब असतात.

उत्पादनाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स ही दोन्ही साधनं मोफत आहेत. पीव्हीजीआयएसमध्ये तर पॅनेल मोकळं उभं आहे की इमारतीत बसवलेलं, हेही निवडता येतं. दोन्ही पर्याय निवडून बघा. आकडा का बदलतो ते पुढच्या पायरीत येतं.

पायरी ३ : उष्णतेचा हिशेब

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण विकणारे यावर सर्वात कमी बोलतात.

पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले असतात. दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशी ती अट आहे. छपरावर कडक उन्हात सेल २५ अंशांवर कधीच राहत नाही. हवा ३५ अंशांवर असताना सेल सहज ६५ अंशांवर जातो. सिलिकॉनच्या सेलची ताकद तापमान वाढेल तशी घटते. जुन्या पर्क प्रकारच्या सेलमध्ये दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के, टॉपकॉनमध्ये सुमारे ०.३०, आणि हेटरोजंक्शनमध्ये साधारण ०.२५ टक्के. पर्कचं पॅनेल ६५ अंशांवर असेल, तर २५ पासून ४० अंश वर, म्हणजे त्या क्षणी १४ टक्के घट.

आता सोलर छपराकडे या. पॅनेलखाली हवा खेळते आणि उष्णता घेऊन जाते. सोलर कौल थेट फळीवर चिकटून बसलं असेल, तर त्याच्या पाठीला हवाच लागत नाही. ते आणखी दहा अंश तापलं, तर वर आणखी साडेतीन टक्के गेले. शिवाय सेल दिसू नयेत म्हणून काचेला रंग किंवा पोत दिलेला असतो. तो थोडा प्रकाश अडवतो.

यावर इलाज आहे. कौलाखाली आडव्या रिपांच्या आधी उभ्या रिपा मारून हवेची वाट ठेवायची. वळचणीपाशी हवा आत येईल आणि आढ्यापाशी बाहेर पडेल अशी. ठेकेदाराला नेमका हाच प्रश्न विचारा : "हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, मला नकाशावर बोट ठेवून दाखवा." बोट ठेवता आलं नाही, तर त्या छपराखाली वाट नाही. माहितीपत्रकात तापमान गुणांकाची, म्हणजे दर अंशामागे ताकद किती टक्के घटते याची ओळही शोधा. ती नसेल तर मागून घ्या.

पायरी ४ : पाणी कोणी अडवायचं?

पॅनेल बसवताना छपराला भोकं पडतात, ही भीती रास्त आहे. पण ही भोकं मोजता येतात. तीस-चाळीस भोकं, प्रत्येकाखाली वासा सापडलेला, प्रत्येकाभोवती धातूची पट्टी वरच्या कौलाखाली सरकवलेली. नुसतं फट बुजवायचं सिलिकॉन सीलंट भरून मोकळं होणारा माणूस दिसला, की काम तिथेच थांबवा. सीलंट उन्हाने काही वर्षांत आकसतं, पट्टी टिकते.

सोलर छपरात अशी भोकं दिसत नाहीत. पण सबंध उतारावरचा प्रत्येक सांधा त्या एकाच उत्पादनावर अवलंबून असतो. फ्रान्सने २००६ मध्ये इमारतीत एकजीव केलेल्या सोलरला विजेचा जादा दर दिला. घाईघाईने अशी कामं वाढली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गळतीच्या तक्रारी आल्या. पुढे २०१७ च्या आदेशाने तो जादा दर टप्प्याटप्प्याने बंद झाला. सेल बिघडले होते असं नाही. छपराचं कौशल्य नसलेल्या हातांनी छप्पर घातलं गेलं, हा मोठा दोष होता. म्हणून सोलर छपरासाठी माणूस निवडताना त्याने आजवर किती किलोवॉट बसवले यापेक्षा किती छपरं घातली हे विचारा. त्यातल्या दोन घरांना पावसाळ्यानंतर भेट द्या आणि माळा बघू द्या म्हणा.

पायरी ५ : तारा, जोड आणि दुरुस्ती

सहा किलोवॉटचा हिशेब करू. ४३० वॉटची १४ पॅनेलं झाली. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे २८ टोकं. हेच काम ७० वॉटच्या कौलांनी करायचं तर ८६ कौलं आणि १७२ टोकं. सगळी उत्पादनं अशीच जोडलेली नसतात, पण जोड वाढतात हे नक्की, आणि तेही छपराच्या आत, हाताला सहज न लागणाऱ्या जागी. सोलरच्या यंत्रणेत ढिला जोड ही आग लागण्याची एक मुख्य वाट आहे. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घालू देऊ नका, बाहेरून ते कितीही चपखल बसले तरी. आग लागली तर छपरावरच्या तारांतला विजेचा दाब झटकन खाली आणणारी सोय मागा. अमेरिकेच्या विद्युत संहितेत ती २०१४ पासून आहे, आणि तिचं कारण साधं आहे : आग विझवायला चढलेल्या माणसाच्या पायाखाली जिवंत तारा नसाव्यात.

कागदावर काय हवं? पॅनेलसाठी आयईसी (विद्युत उपकरणांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६१२१५ आणि आयईसी ६१७३० ही दोन प्रमाणपत्रं. पहिल्यात २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारा करून गारांची चाचणीही असते. इमारतीत बसवायच्या सोलरसाठी आयईसी ६३०९२ हे २०२० मधलं मानक आहे. सोलर छपराला याशिवाय छप्पर म्हणून आगीचा वर्ग मिळालेला असला पाहिजे. तो दाखवा म्हणावं.

दुरुस्तीत पॅनेल सरळ जिंकतं. एक बिघडलं तर चार क्लॅम्प सोडवून काढायचं, दुसऱ्या कंपनीचं जवळपास त्याच मापाचं बसवायचं. सोलर कौलाला दुसऱ्या कंपनीचं कौल चालत नाही. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीने सोलर शिंगल २०११ च्या सुमारास बाजारात आणले आणि २०१६ मध्ये तो धंदा थांबवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेस्लाने आपलं सोलर छप्पर लोकांना दाखवलं. या क्षेत्रात मोठी नावंही येतात आणि जातात. तुमच्या छपराला मात्र त्याच मापाचा तुकडा वीस वर्षांनीही लागेल. कौलं घेणारच असाल, तर पाच-सहा टक्के जास्तीची आजच घेऊन माळ्यावर ठेवा.

पॅनेलच्या बाजूनेही एक कुरकुर आहे. खालच्या पोकळीत पक्षी घरटी करतात, उंदीर तारा कुरतडतात. कडेने जाळी मारून घेतली की हा त्रास आटोक्यात राहतो. ती कोटेशनमध्ये पहिल्यापासून धरा. सोलर छपराला हा त्रास जवळजवळ नसतो, पण ओल्या काचेवर पाय ठरत नाही. धुराडं साफ करायला किंवा अँटेना सरळ करायला कोण आणि कसं चढणार, हे आधी ठरवा.

पायरी ६ : दोन कोटेशनं एका मापात आणा

सोलर छपराचं कोटेशन आणि पॅनेलचं कोटेशन शेजारी ठेवून बघणं ही सर्वात मोठी चूक. एकात छप्पर आहे, दुसऱ्यात नाही. चलन बाजूला ठेवून नुसत्या भागांत मांडू. हे प्रमाण केवळ उदाहरणाचं आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. पॅनेलची यंत्रणा १०० भाग, नवं साधं छप्पर १२० भाग, सोलर छप्पर २८० भाग.

छप्पर चांगलं असेल तर तुलना १०० विरुद्ध २८०. इथे विचार करण्यासारखं काही उरत नाही. छप्पर बदलायचंच असेल तर तुलना २२० विरुद्ध २८०. म्हणजे सोलर छपराचा खरा जादा खर्च ६० भाग. आता त्या ६० भागांच्या बदल्यात काय मिळतं ते बघायचं.

विजेत तर घटच आहे. सहा किलोवॉटची पॅनेलं पहिल्या वर्षी ८,००० युनिट देत असतील आणि दरवर्षी अर्धा टक्का घटत असतील, तर २५ वर्षांत सुमारे १ लाख ८८ हजार युनिट होतात. उष्णता आणि रंगीत काच मिळून सोलर छपराचं उत्पादन ८ टक्के कमी धरलं, तर १५ हजार युनिट कमी पडतात. तुमच्या दराने त्याची किंमत काढा आणि ६० भागांत मिळवा. इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांनी दोन्हीकडे बदलावा लागतो, बॅटरीही दोन्हीला सारखीच. त्या रकमा तुलनेतून वगळल्या तरी चालतात.

मग उरतं रूप. त्याला मी कमी लेखत नाही. घर रोज डोळ्यांसमोर असतं, आणि काही जुन्या वस्त्यांत नियमच असे असतात की छपराच्या वर उचललेलं काही चालत नाही. तिथे छपरावर उचललेल्या पॅनेलला परवानगीच मिळत नाही, आणि मग ते ६० भाग योग्यच. पण पैसे रूपासाठी जात आहेत हे स्वतःशी मान्य करून द्या, जादा विजेच्या आशेने देऊ नका.

पायरी ७ : मधल्या दोन वाटा

निवड दोनांतूनच करायची असं नाही. काळी चौकट आणि काळी पाठ असलेली पॅनेलं गडद छपरावर लांबून वेगळी कळतही नाहीत. दुसरं म्हणजे, छपराच्या एका भागातली कौलं काढून तिथे प्लास्टिकच्या ट्रेवर नेहमीचीच पॅनेलं छपराच्या पातळीत बसवता येतात. पॅनेल बाजारात सहज मिळणारं राहतं आणि रूप बरंच साधतं. मात्र पाण्याचे आणि हवेचे वर लिहिलेले सगळे प्रश्न इथेही विचारायचे.

छप्पर बदलायचंच असेल तर मला विचाराल तर मी उभ्या घडीच्या पत्र्याला पसंती देईन. या पत्र्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेल्या असतात. त्या घडीलाच क्लॅम्प आवळून पॅनेल बसतं. छपराला एकही भोक नाही, खाली हवा मोकळी, पत्रा चाळीस वर्षं सहज टिकतो, आणि पॅनेल बदलायचं झालं तर छपराला हातही लावावा लागत नाही.

पायरी ८ : सही करण्याआधी आणि काम संपल्यावर

करारात चार हमी वेगवेगळ्या ओळींत असाव्यात : वस्तूची, वीज उत्पादनाची, पाणी न गळण्याची आणि बसवण्याच्या कामाची. "२५ वर्षांची हमी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ती बहुधा फक्त उत्पादनाची असते. गळती झाली तर कोणी यायचं, छपरावाल्याने की सोलरवाल्याने, हे एका वाक्यात लिहून घ्या. सोलर छपराचा मोठा गुण हाच ठरू शकतो, की जबाबदार एकच असतो. जुन्या छपराची हमी अजून चालू असेल, तर पॅनेल बसवल्याने ती रद्द होते का, हेही विचारा.

काम चालू असताना प्रत्येक भोकाचा, प्रत्येक पट्टीचा आणि झाकण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. कोणतं पॅनेल किंवा कौल कोणत्या तारेवर आहे, याचा नकाशा अनुक्रमांकांसह मागा. शेवटच्या दिवशी इन्सुलेशनच्या चाचणीचा आकडा लिहून घ्या आणि अर्थिंग तुमच्यासमोर तपासायला लावा. मग पाण्याचा पाइप घेऊन वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे जा. आधी खालचा भाग भिजवला की गळती नेमकी कुठून होते ते कळतं. त्या वेळी घरातल्या कोणाला तरी माळ्यावर उभं करा.

आणि पहिला मोठा पाऊस आला की त्याच रात्री, तोच टॉर्च घेऊन, पुन्हा एकदा वर चढा. जुन्या डागांच्या कडा खडूने आखून ठेवल्या असतील, तर ओल पुढे सरकली की नाही ते एका नजरेत दिसेल.